पोस्टची वेळ, घटनेची वेळ

समाजमाध्यमं समजून घेताना : लेखांक ७

३ जून २०२० रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. घरांवरचे पत्रे आणि कौलं उडाली. विजेचे खांब कोसळले आणि त्यांच्या मागोमाग मोबाइलचे टॉवरही बंद पडले. टाळेबंदीमुळे मुंबईतल्या चाकरमान्याला पासशिवाय गाव गाठता येत नव्हतं आणि गावचा फोन लागत नव्हता. मग गावाचं नाव समाजमाध्यमांवर टाकायचं आणि जे दिसेल ते बघायचं, एवढंच हातात उरलं.

दिसत पुष्कळ होतं. त्यातलं आत्ताचं कोणतं आणि आपल्या गावचं कोणतं, हे मात्र कळत नव्हतं. मागच्या लेखात हॅशटॅग कसे चालतात ते पाहिलं. या वेळी त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ : एखाद्या विषयावरची सगळ्यात ताजी पोस्ट शोधायची कशी, आणि सापडली तरी ती ताजी आहे हे ठरवायचं कशावरून?

क्रम कोण लावतं?

ट्विटर आणि इन्स्टाग्राम सुरुवातीला सरळ वेळेच्या क्रमानं चालत. शेवटी टाकलेलं सगळ्यात वर. २०१६ मध्ये दोघांनीही हा क्रम बदलला आणि तुम्हाला काय आवडेल याचा अंदाज बांधून पोस्ट वर-खाली करायला सुरुवात केली. फेसबुकनं हे त्याआधीच आरंभलं होतं. शोध घेतानाही हाच हिशेब लागू होतो. एक्सवर (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर) काहीही शोधलं की आधी उघडतो तो ‘टॉप’ हा विभाग.

आता समजा, भरडखोलच्या एखाद्या मच्छीमारानं पाच मिनिटांपूर्वी बंदरातल्या होड्यांचा फोटो टाकला. त्याला दोन-तीन लाइक आहेत. एका मोठ्या वाहिनीच्या सकाळच्या चित्रफितीला हजारो आहेत. ‘टॉप’मध्ये वाहिनी पहिली दिसणार आणि मच्छीमार बहुधा दिसणारच नाही. ताज्या पोस्टला लाइक मिळवायला वेळच मिळालेला नसतो, त्यामुळे लोकप्रियतेच्या रांगेत ती नेहमी मागे राहते. एरवी यानं काही बिघडत नाही. वादळात, पुरात किंवा गणपतीला निघालेल्या गाड्या वडखळला अडकलेल्या असताना मात्र सकाळची माहिती दुपारी कुचकामी ठरते.

कुठे काय दाबायचं?

एक्सवर शोध घेतल्यावर ‘टॉप’च्या शेजारचं ‘लेटेस्ट’ दाबा. फेसबुकवर शोधाच्या निकालात ‘पोस्ट्स’ निवडून ‘रीसेंट पोस्ट्स’ची गाळणी लावा. यूट्यूबवर ‘फिल्टर्स’मध्ये जाऊन ‘टुडे’ निवडा. गुगलवर ‘टूल्स’मध्ये गेल्या तासाभरातलं तेवढं मागता येतं. इन्स्टाग्रामवर हॅशटॅगचा शोध लोकप्रियतेकडे झुकतो. तिथे आपल्या भागातली भरवशाची खाती आधीच फॉलो करून ठेवावीत आणि वरच्या नावावर बोट दाबून ‘फॉलोइंग’ निवडावं. वेळेचा क्रम देणारी ही सोय मार्च २०२२ मध्ये परत आली.

मागच्या एखाद्या दिवसाचं शोधायचं असेल तर एक्सवर तारखेचं कुंपण घालता येतं. शोधशब्दापुढे इंग्रजी अक्षरांत ‘सिन्स’, मग अपूर्णविरामाचं चिन्ह आणि त्याला चिकटून वर्ष-महिना-दिवस या क्रमानं तारीख लिहायची. शेवटची तारीख याच पद्धतीनं ‘अन्टिल’ला जोडायची. ‘अन्टिल’ची तारीख धरली जात नाही, म्हणून ३ जूनच्या पोस्ट हव्या असतील तर तिथे ४ जून लिहायला हवं. शिवाय हा दिवस जागतिक वेळेनं मोजला जातो. आपल्याकडे पहाटे साडेपाचला तो सुरू होतो.

शब्द कोणता टाकायचा?

गाळणी बरोबर लावूनही हाती काही लागत नाही, याचं कारण बहुतेक वेळा शोधशब्दात असतं. ‘निसर्ग’ एवढंच मराठीत टाकलं तर वादळासोबत हिरव्यागार डोंगरांचे आणि धबधब्यांचे फोटोही धो-धो येणार. ‘मुरूड’ टाकलं तर जंजिऱ्याजवळच्या मुरूडबरोबर दापोलीचं मुरूड येतं, लातूर जिल्ह्यातलंही येतं. इंग्रजीत ‘रायगड’ लिहिताना शेवटी ‘डी’ऐवजी ‘आरएच’ पडलं की थेट छत्तीसगडातलं रायगढ. ‘अलिबाग’ काही जण ‘यू’ घालून लिहितात, काही जण त्याशिवाय. दोन्ही शोधावं लागतं.

म्हणून जिल्ह्याच्या नावानं शोधण्यापेक्षा वाडीच्या, पाखाडीच्या, जेट्टीच्या नावानं शोधावं. बोर्ली पंचतन, वाळवटी, आगरदांडा अशी नावं बाहेरचा माणूस सहसा लिहीत नाही. त्यामुळे ही नावं असलेली पोस्ट स्थानिकाची असण्याचा संभव वाढतो.

भाषेचंही असंच आहे. ‘चक्रीवादळाचा तडाखा’ हे बातमीदाराचे शब्द. ज्याच्या घरावरून वारं गेलं तो लिहितो, ‘पत्रे उडाले’, ‘लाइट गेली’, ‘रस्त्यात झाड पडलंय’. तेही बरेचदा मराठी वाक्य इंग्रजी लिपीत. जागेवरच्या माणसापर्यंत पोचायचं असेल तर शोधशब्द त्याच्या तोंडचे हवेत.

एका पोस्टच्या दोन वेळा

एवढं केल्यावर पडद्यावर ‘चार मिनिटांपूर्वी’ असं लिहिलेली पोस्ट दिसते. चार मिनिटांपूर्वी काय झालं? ती टाकली गेली, इतकंच. फोटोतली घटना कधीची हे ॲपला ठाऊक नसतं आणि त्याला त्याची फिकीरही नसते. कुठल्या तरी जुन्या वादळाची चित्रफीत आज चढवली तर ‘लेटेस्ट’मध्ये ती पहिल्या नंबरावर येते. ‘निसर्ग’च्या वेळी अशा जुन्या आणि परमुलखातल्या चित्रफिती सर्रास फिरल्या.

याच्या उलट हवामान विभागाचं वादळी पत्रक पाहा. त्यावर क्रमांक असतो, पत्रक काढल्याची वेळ असते आणि ज्या निरीक्षणांवर ते बेतलंय त्यांची वेळ वेगळी दिलेली असते. पाहिलं कधी आणि सांगितलं कधी, या दोन गोष्टी तिथे वेगळ्या छापल्या जातात. समाजमाध्यमावरची पोस्ट वाचताना हे काम आपल्याला करावं लागतं. कोळीण ‘ताजंच हाय’ म्हणाली तरी आपण कल्ला उचलून बघतोच की!

पोस्टचा कल्ला म्हणजे तिच्यातले बारीकसारीक तपशील. गाड्यांच्या पाट्या बघा : रायगडची गाडी ‘एमएच ०६’, पनवेलची ‘एमएच ४६’. दुकानांवरच्या पाट्यांची भाषा बघा. पाऊस आहे की कोरडं ऊन, ते बघा. अलिबाग-मुरूडच्या पुळणीवर समुद्र पश्चिमेला असतो. ‘आज सकाळची लाट’ म्हणून आलेल्या चित्रात सूर्य पाण्याच्या रेघेवर टेकलेला दिसला, तर एक तर सकाळ खोटी किंवा किनारा दुसरा.

घटना खरी असली तरी तिची हकिकत जुनी झालेली असू शकते. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली सापडल्या. दुसऱ्या दिवशी दहीहंडी. त्यात १९९३ च्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं याच तालुक्यातल्या शेखाडीला उतरली होती, हे कोणी विसरलेलं नाही. लोक धास्तावले यात नवल नव्हतं. त्याच दिवशी तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात खुलासा केला. ‘लेडी हान’ नावाची ही बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती. जूनमध्ये इंजिन बिघडल्यावर तिच्यावरच्या लोकांची सुटका झाली आणि रिकामी बोट भरकटत इथवर आली होती. अशा दिवशी रायफलींचा फोटो खरा आणि त्याखालचा तर्क शिळा, असं होतं. म्हणून खळबळजनक पोस्ट सापडली की तिथेच थांबू नये. त्याच शब्दांवर ‘लेटेस्ट’ पुन्हा दाबून नंतर काय आलं तेही वाचावं.

व्हॉट्सॲपवर तर सार्वजनिक शोधच नाही. तिथे दुहेरी बाण बघायचा. पाच किंवा त्याहून अधिक हातांतून पुढे आलेल्या निरोपाला तो लागतो. असा निरोप तुमच्या फोनमध्ये आत्ता आला असला, तरी जगात तो कधीचा फिरत असेल याचा नेम नाही.

जिथून काहीच येत नाही

पोस्ट येतात त्या रेंज आणि चार्जिंग असलेल्या ठिकाणाहून. ‘निसर्ग’नंतर श्रीवर्धन-मुरूडकडच्या कित्येक गावांना वीज यायला आठवडे लागले. ज्यांचं सगळ्यात जास्त गेलं त्यांचा आवाज सगळ्यात उशिरा बाहेर पोचला. ‘लेटेस्ट’मध्ये एखाद्या गावाचं नाव दिसत नाही, याचा अर्थ तिथे सगळं आलबेल आहे असा लावू नये. वादळाच्या दिवशी तो बहुधा उलटाच निघतो. अशा वेळी शोध थांबवून जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक फिरवावा.

आणि पोस्ट टाकणारे तुम्हीच असाल तर? ‘बापरे, बघा काय चाललंय’ असं लिहून कुणाचं काही भागत नाही. ‘दिघी जेट्टी, बुधवार, सकाळी सव्वाआठ, आगरदांड्याची फेरी बंद’ एवढं लिहा. जागा आणि वेळ शब्दांत लिहिलेली असली की शोधणाऱ्याला पोस्ट सापडते, आणि चार दिवसांनी कुणी ती पुढे ढकलली तरी वाचणारा फसत नाही.

(पुढील आठवड्यात : जुन्या फोटोचा माग उलट्या दिशेनं कसा काढायचा?)