अंगठ्याला कुलूप लावलंय का?

एक साधा प्रश्न. एटीएमचा पिन कोणाला कळला तर काय कराल? लगेच बदलाल. आणि अंगठ्याचा ठसा कोणाच्या हाती लागला तर? तो कुठून बदलणार?

पहिलं आधार आपल्याच महाराष्ट्रात दिलं गेलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी. तुमच्या नावावरचं रेशन दुसऱ्याने उचलू नये, हा विचार चांगलाच. पण आज त्याच ठशावर बँकेतून पैसेही निघतात. त्याला एईपीएस म्हणतात. आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट. ना कार्ड, ना ओटीपी. गावाकडच्या आजीची मोठी सोय झाली, पण चोरालाही तेवढंच लागतं. 2018 मध्ये तेलंगणात जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून नकली अंगठे बनवले आणि त्यावर सिमकार्डं चालू केली गेली! पुढे 2023 मध्ये यूआयडीएआयने बोट जिवंत माणसाचं आहे का, हे तपासणारी पद्धत आणली. तरी आपलं कुलूप आपण लावलेलं बरं.

यूआयडीएआयच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपमध्ये ओटीपीने लॉगिन करा आणि बायोमेट्रिक लॉक करा. आधारला मोबाइल नंबर जोडलेला नसेल तर आधी ते काम. लॉक असताना बोट ठेवलं की 330 नंबरचा एरर येतो. घाबरू नका, कुलूप लागलंय एवढाच त्याचा अर्थ. रेशन घ्यायचंय, सिम घ्यायचंय, तेवढ्यापुरतं उघडा. ओटीपीवरची कामं चालूच राहतात.

आपल्या साकीनाक्यात अडचण उलटीच. खैरानी रोडच्या गाळ्यांत काम करून बोटं इतकी झिजतात, की खऱ्या माणसाचाच ठसा लागत नाही. तिथे डोळ्याचं किंवा चेहऱ्याचं स्कॅन होतं का, विचारा. गप्प परत येऊ नका.

आणि दुकानदार मंडळी, आता आपलं. ग्राहक ई-आधारची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, प्रिंट घेऊन जातो, फाइल आपल्याकडेच राहते. एकदा मी माझं डाउनलोड फोल्डर उघडलं आणि मलाच लाज वाटली. आता रात्री शटर ओढण्याआधी ते रिकामं करतो, रिसायकल बिनसकट. ग्राहकाला मास्क्ड आधार चालणार असेल तर तेच काढून देतो. त्यात पहिले 8 आकडे झाकलेले असतात, शेवटचे 4 फक्त दिसतात.