लॅटिन नामे आणि त्यांच्या विभक्ती

सकाळचे दहा वाजले की आपण 'ए. एम.' म्हणतो, जुन्या इमारतीच्या कोनशिलेवर 'ए. डी.' ही अक्षरे वाचतो. दोन्ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत. पहिले 'आंते मेरिदिएम', म्हणजे मध्यान्हापूर्वी. दुसरे 'आन्नो दोमिनी', म्हणजे प्रभूच्या वर्षी. पण कोश उघडला तर तेथे मेरिदिएस, आन्नुस आणि दोमिनुस अशी मूळ रूपे मिळतात. शब्दांची टोके अशी का बदलली, हे उमगले की लॅटिनचे निम्मे भय गेले.

हा फेरफार विभक्तीचा आहे, आणि विभक्ती आपल्याला परकी नाही. 'लांडगा कोकराला पाहतो' किंवा 'कोकराला लांडगा पाहतो', कसेही म्हटले तरी पाहणारा लांडगाच, कारण 'ला' हा प्रत्यय कर्म दाखवून देतो. इंग्रजीत शब्दांची जागा बदलली की अर्थ उलटतो. लॅटिन या बाबतीत आपल्या बाजूची. 'लुपुस अग्नुम विदेत' म्हणजे लांडगा कोकराला पाहतो. शब्द मागेपुढे केले तरी अर्थ तोच. मात्र 'लुपुम अग्नुस विदेत' म्हटले की कोकरू लांडग्याला पाहू लागते! शब्दाचे टोक न पाहता जो वाचील, त्याच्या हाती गोष्ट उलटीच लागेल. ज्यांनी शाळेत संस्कृत घोकले त्यांना लुपुस-लुपुम ही जोडी वृकः-वृकम् यांची बहीण आहे हे लगेच ओळखू येईल.

संस्कृतात संबोधन धरून आठ विभक्ती. लॅटिनमध्ये नेहमीच्या सहा. प्रथमा कर्ता सांगते, द्वितीया कर्म, षष्ठी संबंध; चतुर्थी ज्याला द्यावयाचे तो दाखवते; संबोधन हाकेसाठी. उरली पंचमी. तिने तृतीयेचे आणि सप्तमीचे कामही आपल्या अंगावर घेतले. म्हणूनच 'आन्नो' रूपाने पंचमी असून आपण त्याचा अर्थ 'वर्षी' असा करतो. जुनी सप्तमी काही गावांच्या नावांत आणि मोजक्या शब्दांत तेवढी राहिली: 'रोमाए' म्हणजे रोममध्ये, 'दोमी' म्हणजे घरी.

नवशिक्या अडखळतो तो एका रूपाच्या अनेक अर्थांपाशी. 'रोसा' म्हणजे गुलाब. 'रोसाए' म्हणजे गुलाबाचा, गुलाबाला किंवा अनेक गुलाब. मग ठरवायचे कसे? शेजारचे शब्द आणि क्रियापद पाहून. 'रामाला मारले' आणि 'रामाला आंबा दिला' यांतला 'ला' आपण असाच उलगडतो. फक्त ते आपल्या ध्यानी येत नाही.

नामांचे गण पाच. कोशात प्रत्येक नामाची प्रथमा आणि षष्ठी अशी दोन रूपे देतात, ती दोन्ही पाठ करावीत. 'रेक्स' म्हणजे राजा, षष्ठी 'रेगिस'. पुढची रूपे 'रेग' या अंगापासून होतात; जशी आपण 'घोडा' शब्दाची 'घोड्या' या सामान्यरूपापासून करतो. लिंगही पाठ करावे, केवळ टोकावर विसंबू नये. 'उस'ने संपणारी नामे बहुधा पुल्लिंगी. पण झाडांची नावे लॅटिनमध्ये सहसा स्त्रीलिंगी असतात. म्हणून आपल्या पिंपळाचे शास्त्रीय नाव 'फिकुस रेलिजिओसा', 'रेलिजिओसुस' नव्हे. आणि ज्याच्या पानांना द्रोणासारखा आकार असतो, त्या कृष्णवडाच्या नावात 'कृष्णाए' हा शब्द येतो. तो 'रोसाए'सारखाच चालतो. येथे षष्ठी, म्हणजे कृष्णाचा.

तेव्हा तक्ते पाठ करावेतच, त्याला आडवाट नाही. पण प्रत्येक रूपाबरोबर त्याचे काम सांगणारे एक लहान वाक्यही पाठ करावे, एवढेच आमचे सांगणे. नुसते रूप आठवड्यात विसरते. काम करणारे रूप विसरत नाही.