ग्रुपवर फोटो टाकून ऑर्डर का येत नाही? गप्पांमधून धंदा कसा उभा राहतो, ते समजून घ्या

नागपूरचा हुडकेश्वर भाग. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत इथे ग्रामपंचायत होती. मग महापालिकेची हद्द सरकली आणि शेतांच्या जागी लेआउट पडत गेले. आता लेआउट तिथे व्हॉट्सअॅप ग्रुप. नळ कधी येणार, लाइट कशाने गेली, मोकाट कुत्र्यांचं काय करायचं, आणि या सगळ्याच्या मधे दिवसाआड एक फोटो येतो. "घरगुती मुंगवडी व सावजी मसाला मिळेल. ऑर्डरसाठी संपर्क करा."

फोटोखाली दोन अंगठे, एक जोडलेले हात. ऑर्डर शून्य.

ज्या ताईंनी हा फोटो टाकला, त्यांनी समजा दहा किलो मुंगाची डाळ आणून ठेवली आहे. पैसे घरखर्चातून बाजूला काढलेले. माल चांगला आहे, नात्यातले लोक दरवर्षी मागून नेतात. मग ग्रुपमधले दोनशे लोक गप्प का?

कारण साधं आहे. ग्रुप म्हणजे फुकटची जाहिरात, असं आपण धरून चाललोय. इंटरनेटवर लोकांच्या गप्पांमधून ज्यांनी खरंच धंदा उभा केला, त्यांची गोष्ट पाहिली तर जाहिरात सगळ्यात शेवटी आलेली दिसते.

मायबोलीवर आधी काय विकलं? काहीच नाही

घरचंच उदाहरण घेऊ. १६ सप्टेंबर १९९६, गणेश चतुर्थीचा दिवस. अमेरिकेत राहणाऱ्या अजय गल्लेवाले यांनी मायबोली ही वेबसाइट सुरू केली. तेव्हा गूगल नव्हतं, फेसबुक तर सोडाच. कॉम्प्युटरवर मराठीत टाइप करणं हीच एक कसरत होती.

तिथे लोक काय करायचे? बोलायचे. 'हितगुज'वर गप्पा, 'गुलमोहर'मध्ये कथा-कविता, पाककृतींचे धागे. परदेशात पुरणपोळीसाठी कुठलं पीठ घ्यायचं, बाळाचं नाव काय ठेवायचं, अमुक पुस्तक कुणी वाचलंय का. अशा गप्पा जमत गेल्या आणि पुढे साइटवर 'खरेदी' विभाग आला, छोट्या जाहिरातींचा विभाग आला.

यातली गोम अशी की पुस्तकावर चर्चा रंगली की कुणीतरी हमखास विचारतं, "हे मिळेल कुठे?" दुकान हे त्या प्रश्नाचं उत्तर होतं. गिऱ्हाईक शोधायला जावं लागलं नाही, ते आधीच बोलत बसलेलं होतं. ताईंच्या फोटोचं उलटं झालंय. तिथे उत्तर आधी आलं, प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

अर्थात प्रत्येक फोरमचा धंदा होत नाही आणि व्हायलाही नको. २००७ मध्ये सुरू झालेल्या मिसळपाववर लोक भांडायला, भटकंतीचे किस्से सांगायला आणि खाण्यावर बोलायला गेले. ते आवडलं म्हणून टिकले. तेवढं पुरेसं आहे.

फोरम आणि व्हॉट्सअॅप ग्रुप यात फरक काय?

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेणं गरजेचं आहे, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

व्हॉट्सअॅप ग्रुपमधलं बोलणं वाहून जातं. सकाळी दिलेलं उत्तर संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या खाली गाडलं जातं आणि गूगलवर शोधलं तर ते सापडत नाही. ग्रुपला माणसांची मर्यादाही आहे, १०२४ सदस्य. फोरमवर मात्र प्रत्येक प्रश्नाचा वेगळा धागा असतो आणि तो उघडा राहतो. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी नीट लिहिलेलं उत्तर आज तिसऱ्याच माणसाला गूगलवर मिळतं.

मुंबईतून चालणारी टीम-बीएचपी ही मोटारगाड्यांची साइट याचं उत्तम उदाहरण. २००४ मध्ये गाडीवेड्या लोकांनी सुरू केलेली. आज गाडी घ्यायच्या आधी तिथला मालकाने लिहिलेला अनुभव वाचायचा, ही अनेकांची सवय आहे. क्लच किती हजार किलोमीटरला गेला, सर्व्हिसिंगचं बिल किती आलं, सर्व्हिस सेंटरने काय उत्तर दिलं, सगळं तिथे असतं. हे लिहिणाऱ्यांना पैसे मिळत नाहीत. साइटची मुख्य मेहनत आहे ती कचरा बाहेर ठेवण्याची. सदस्यत्व सहज मिळत नाही, नियम कडक आहेत, छुपी जाहिरात दिसली की हकालपट्टी. लोकांना वाटतं सदस्य जितके जास्त तितकी साइट मोठी. इथे दार अरुंद ठेवल्यामुळे साइट मोठी झाली, असं माझं मत आहे.

ईबेचे 'अंकल ग्रिफ' कोण होते?

आता थोडं बाहेर जाऊ. १९९५ मध्ये पिअर ओमिड्यार यांनी अमेरिकेत लिलावाची एक साइट सुरू केली. तीच पुढे ईबे झाली. अडचण उघड होती. ज्याला कधी पाहिलं नाही अशा माणसाला पैसे आधी कोण पाठवणार? ओमिड्यार यांनी १९९६ च्या सुरुवातीला साइटवर 'फीडबॅक फोरम' उघडला. व्यवहार झाला की दोघांनी एकमेकांबद्दल सगळ्यांसमोर लिहायचं. आज आपण अॅपवर जे तारे देतो, त्याचा पूर्वज हाच.

त्याच्याच जोडीला प्रश्नोत्तरांचा एक फलक होता. त्यावर जिम ग्रिफिथ नावाचा एक विक्रेता 'अंकल ग्रिफ' असं सोंग घेऊन नवख्यांच्या शंका सोडवायचा. फोटो कसा चढवायचा, पार्सल कसं बांधायचं. पगार नाही, काही नाही. त्याचं काम पाहून कंपनीनेच त्याला ग्राहक मदतीसाठी नोकरीवर घेतलं.

म्हणजे एका छोट्या कंपनीला जो मदत विभाग परवडला नसता, तो तिच्या गिऱ्हाइकांनीच चालवून दाखवला. धंदा नवा असताना गप्पांच्या जागेचा हा फायदा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा.

लोक नावं ठेवतील त्याचं काय?

ठेवू द्यावीत. एप्रिल २००७ मध्ये ड्रू ह्यूस्टन या तरुणाने 'हॅकर न्यूज' या फोरमवर आपली नवी वस्तू दाखवली. फाइल इंटरनेटवर ठेवा, पेनड्राइव्ह फेकून द्या, अशी. खाली एकाने लिहिलं की हे तर जाणकार माणूस स्वतःच सहज करू शकतो, शिवाय यातून पैसे कसे मिळणार? ह्यूस्टनने चिडून उत्तर दिलं नाही. एकेक मुद्दा घेऊन शांतपणे लिहिलं. ती वस्तू म्हणजे ड्रॉपबॉक्स. पुढच्या वर्षी त्याने 'डिग' या साइटवरच्या लोकांसाठी एक छोटा व्हिडिओ केला. त्यात त्या लोकांनाच कळतील असे विनोद पेरले होते. प्रतीक्षा यादी एका रात्रीत ५ हजारांवरून ७५ हजारांवर गेली. त्याला त्या कट्ट्यावरची भाषा माहीत होती, कारण तो स्वतः तिथला होता. बाहेरून येऊन फोटो चिकटवणाऱ्याला हे जमत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. दुसऱ्या नंबरवरून किंवा वहिनीच्या फेसबुकवरून स्वतःच्याच मालाची स्तुती. नव्या खात्यावरून आलेली "खूपच छान टेस्ट" लोक लगेच ओळखतात. खोट्या ऑनलाइन परीक्षणांना आळा घालण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकही आणलं आहे. आणि उलट बाजूने, कुणी तुमच्याबद्दल वाईट लिहिलं तर साइटला फोन करून "काढून टाका" म्हणणं फारसं कामाचं नाही. माउथशट ही मुंबईची परीक्षणांची साइट अशाच दबावाला कंटाळून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्याच्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की मजकूर हटवायला न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश लागेल. त्यामुळे वाईट शेऱ्याखाली नीट उत्तर लिहिणं हाच व्यवहारी मार्ग उरतो. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा बाकीचे जास्त वाचतात.

जागा कुणाची?

हा प्रश्न धंदा चालायला लागल्यावर आठवतो, तोवर उशीर झालेला असतो. ऑर्कुटवर अनेकांच्या कम्युनिटी होत्या. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला बंद झाले. २९ जून २०२० ला टिकटॉकवर भारतात बंदी आली, तेव्हा त्यावर लाखो फॉलोअर असलेले गावाकडचे कलाकार रातोरात शून्यावर आले. यात त्यांची काही चूक नव्हती.

फेसबुकवर पुण्यातल्या महिलांचा 'पुला' हा ग्रुप २०१५ पासून वाढत गेला. लाखांवर सदस्य, घरगुती व्यवसाय करणाऱ्या कितीतरी जणींना तिथे पहिली गिऱ्हाइकं मिळाली. अशा ग्रुपचा फायदा जरूर घ्यावा. फक्त ऑर्डर आली की नाव, नंबर, पत्ता आणि काय नेलं हे त्याच दिवशी स्वतःच्या वहीत लिहून ठेवावं. ग्रुप उद्या बंद झाला, अॅडमिनचं बिनसलं, तरी वही घरातच राहते.

मग हुडकेश्वरच्या ताईंनी करायचं काय?

मुंगवडी ही विदर्भाबाहेर फारशी न मिळणारी गोष्ट. पण पुण्यात, हैदराबादला, बंगळुरूला नोकरीनिमित्त गेलेली नागपूरची मंडळी भरपूर आहेत आणि त्यांचे स्वतःचे ग्रुप आहेत. ज्याला शेजारच्या दुकानात मुंगवडी मिळते त्या हुडकेश्वरवाल्याला ताईंची तितकी गरज नाही. हिंजवडीत राहणाऱ्या नागपूरकराला आहे. म्हणजे पहिली चूक मालाची किंवा फोटोची नव्हतीच, कट्टा निवडण्याची होती.

तिथे जाऊन पहिले दोन महिने काही विकायचं नाही. लोक काय विचारतात ते बघायचं. रस्स्यात वडी फुटते, काय करू? आधी तेलात परतायची की तशीच टाकायची? वांग्यासोबत करायची की बटाट्यासोबत? ताईंना ही उत्तरं झोपेत देता येतील. ती द्यायची, सविस्तर, फोटोसकट, आणि जमेल तेव्हा फेसबुकच्या खुल्या ग्रुपवर किंवा मायबोलीसारख्या ठिकाणी, म्हणजे ती नंतरही सापडतील. ग्रुपचे विक्रीचे नियम आधी वाचायचे. बऱ्याच ठिकाणी विक्रीसाठी ठरावीक वार असतो. मग कधीतरी कुणी विचारतंच, "ताई, तुम्ही पाठवता का?"

त्या दिवशी तयारी हवी. किती ग्रॅमचं पाकीट, कुरिअरसकट भाव किती, किती दिवसांत पोचेल, पाकिटावर एफएसएसएआयचा चौदा अंकी नोंदणी क्रमांक. घरातून खाद्यपदार्थ विकायलाही ही नोंदणी लागते आणि ती ऑनलाइन होते. पहिली पाच पाकिटं पोचली की त्यांना सांगायचं, कशी झाली ते ग्रुपवर लिहा, वाईट झाली असेल तर तेही लिहा.

आणि एक हिशेब राहिलाच. वड्या घालायच्या त्या उन्हाळ्यात, नागपूरच्या मार्च ते मेच्या उन्हात. पावसाळ्यात त्या वाळत नाहीत, बुरशी धरते. म्हणजे यंदा दहा किलो डाळीच्या वड्या विकायच्या असतील, तर प्रश्नांची उत्तरं द्यायला बसायचं ते दिवाळीनंतर लगेच.