दम कुठे लागतो?

शालेय कुस्तीस्पर्धा पाहायला गेले की एक दृश्य हमखास दिसते. सलामी होते, थोडी खडाखडी होते आणि दोघांपैकी एक जण झटकन पट काढून दुसऱ्याला खाली घेतो. वर आलेल्या मुलाची सरशी आहे असे आपल्याला वाटते. तो खालच्याला मिनिटभर आवळून धरतो आणि मग एकाएकी त्याची पकड सैल पडते. चेहरा लालबुंद, हात थरथरताहेत. काठावरून वस्ताद ओरडतात, ''श्वास सोड रे! दम कोंडू नकोस!'' परतताना लोक म्हणतात, ''पोरात ताकद आहे, पण दम नाही.''

हा 'दम' म्हणजे नक्की काय? शिक्षकांच्या गप्पांत आम्ही हा प्रश्न टाकला की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : फुप्फुसे अपुरी पडतात, शरीराला ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून दम लागतो. पूर्वी आमचीही समजूत अशीच होती. ती अर्धवट आहे, आणि तिच्यामुळे मुलांना चुकीचे व्यायाम दिले जातात. त्यांतला एक तर जिवावर बेतू शकतो. म्हणून जरा मुळापासून पाहू या.

आधी एक साधी गोष्ट. खुर्चीत बसल्या बसल्या श्वास रोखून धरा आणि घड्याळाकडे पाहा. अर्ध्या-पाऊण मिनिटात अस्वस्थ वाटू लागते, छाती आतून धडका देऊ लागते. त्या क्षणी रक्तात ऑक्सिजन संपत आलेला असतो का? मुळीच नाही, तो अजून भरपूर असतो. वाढलेला असतो तो कार्बन डायऑक्साइड. हा वायू पाण्यात विरघळून सौम्य आम्ल बनते हे आपण वर्गात शिकवतोच. मेंदूच्या तळाशी असलेली लंबमज्जा ही आम्लता ओळखते आणि श्वासाच्या स्नायूंना हुकूम सोडते. नेहमीच्या श्वासाचा वेग कार्बन डायऑक्साइडवर ठरतो हे जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रिस्टले यांनी १९०५ साली दाखवले. ऑक्सिजनची पातळी पाहणारा एक पहारेकरीही मानेतल्या धमन्यांजवळ आहे (त्यावरील कामासाठी हेमान्स यांना १९३८चे नोबेल पारितोषिक मिळाले), पण तो जोराने ओरडतो तो ऑक्सिजन बराच खाली गेल्यावर.

धोका आहे तो नेमका इथे. दम वाढवायचा म्हणून मुले विहिरीत किंवा तलावात बुडी मारून श्वास रोखण्याच्या पैजा लावतात. बुडी मारण्याआधी कुणीतरी सांगते, ''दहा-वीस वेळा जोरजोरात श्वास घे, मग जास्त वेळ टिकशील.'' मूल खरेच जास्त टिकते, पण जादा ऑक्सिजन साठवल्यामुळे नव्हे. रक्तातला ऑक्सिजन आधीच जवळजवळ काठोकाठ भरलेला असतो. जोरजोरात श्वासाने बाहेर जातो तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे धोक्याची घंटाच काढून टाकल्यासारखे होते. पाण्याखाली ऑक्सिजन घटत राहतो, श्वास घ्यावासा वाटत नाही आणि मूल कोणतीही पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध होते. पट्टीचे पोहणारेही असे बुडालेले आहेत. ही पैज मुलांना सरळ बंद करायला सांगावी. तिने कुस्तीतला दम वाढत नाही.

आता पुन्हा हौद्याकडे वळू. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे ६ ते ८ लिटर हवा आतबाहेर करतो. जोरदार झटापटीत हाच आकडा १०० लिटरच्या घरात जातो. आणि गंमत अशी, की निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्तातले हिमोग्लोबिन विश्रांतीच्या वेळी ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेले असते आणि धापा टाकतानाही बहुतेकांच्या बाबतीत ते फारसे खाली येत नाही. म्हणजे फुप्फुसे आपले काम चोख करत असतात.

वर्गात हे चुन्याच्या निवळीने पाहता येते. एका मुलाला बसल्या जागी नळीतून निवळीत फुंकायला सांगा आणि ती दुधाळ व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग त्यालाच २५ बैठका मारायला लावून नव्या निवळीत पुन्हा फुंकू द्या. (निवळी तोंडात ओढली जाणार नाही याकडे लक्ष हवे, आणि दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलांकडे घड्याळ द्यावे.) दुसऱ्या वेळी निवळी लवकर दुधाळ होते. उच्छ्वासातले कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण थोडेफार वाढते हे खरे, पण मुख्य फरक मिनिटाला बाहेर पडणाऱ्या हवेच्या आकारमानाचा असतो.

इथे एक गणित मुलांना आवडते. प्रत्येक श्वासातली सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वासनलिकेतच राहते. वायुकोशांपर्यंत ती पोचतच नाही. ५०० मिलिलिटरचे १२ श्वास आणि २५० मिलिलिटरचे २४ श्वास, दोन्हींची बेरीज ६ लिटरच. पण वायुकोशांत पोचते पहिल्या पद्धतीत ४.२ लिटर आणि दुसऱ्यात फक्त २.४ लिटर. घाबरून उथळ धापा टाकणारा मल्ल स्वतःचे किती नुकसान करून घेतो, ते यावरून दिसते. आधी पूर्ण श्वास सोडला की पुढचा आपोआप खोल येतो.

मग तुटवडा पडतो तो कुठे? स्नायूत. एक हात डोक्यावर सरळ वर धरा, दुसरा खाली सोडा आणि दोन्ही मुठी सारख्याच वेगाने उघडा-मिटा. वरचा हात आधी थकतो. श्वास दोघांना एकच आहे. फरक आहे तो हातात पोचणाऱ्या रक्ताचा. मल्ल घट्ट पकड धरतो तेव्हा आवळलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबून टाकतो. त्यात त्याने श्वासही कोंडला तर छातीतला दाब वाढतो, शिरांतून हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि हृदय बाहेर ढकलते ते रक्तही कमी होते. म्हणजे पाण्याची लाईन दोन ठिकाणी बंद केल्यासारखे झाले! हाताशी असलेली तयार ऊर्जा दहाएक सेकंदांत ओसरते. पुढे ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज मोडण्याचे काम जोरात चालते, आम्लता वाढते, ती शमवताना आणखी कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि छाती भात्यासारखी चालू लागते. (लॅक्टेट हे नुसते विष, दुसऱ्या दिवशीचे अंगदुखीचे कारण, असे जुन्या पुस्तकांत सापडते. ते आता मान्य नाही. हृदय आणि इतर स्नायू लॅक्टेट इंधन म्हणून वापरतात.)

प्रतिस्पर्ध्याला उचलताना क्षणभर श्वास अडतो, ते स्वाभाविक आहे. त्याने कण्याला आधारच मिळतो. प्रश्न आहे तो दहा-पंधरा सेकंद कोंडलेल्या श्वासाचा. वस्तादांची हाक शास्त्राला धरून आहे ती अशी. ती अंगवळणी पाडण्याची एक सोपी युक्ती म्हणजे सरावात पकड धरून मोठ्याने आकडे मोजायला लावणे. बोलणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही. जोर मारताना वर येतेवेळी आणि बैठकीत उठतेवेळी श्वास सोडण्याची सवयही अशीच लागते.

पण नुसत्या श्वासाच्या सवयीने काम भागत नाही. नियमित मेहनतीने फुप्फुसांचा आकार फारसा बदलत नाही. बदलते ते हृदय. त्याच्या एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडते, स्नायूत केशवाहिन्या आणि तंतुकणिका वाढतात. यासाठी आठवड्यातून तीन दिवस, धावताना शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने २५-३० मिनिटे धावणे हे सर्वांत स्वस्त साधन. शिक्षकांना ते मिळमिळीत वाटते. मुलांना ओकारी येईपर्यंत पळवले की मेहनत झाली असे समजतात. त्याच्या जोडीला अर्ध्या मिनिटाच्या जोरदार झटापटी आणि मध्ये मिनिटभर विसावा हवा. तोंडाला बांधायचे मुखवटे घेऊन उंच पर्वतावरची हवा मिळते, ही जाहिरात मात्र खोटी आहे. मुखवट्याने श्वास अडतो, हवा विरळ होत नाही.

वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणे हे तर सगळ्यात वाईट. पाणी कमी झाले की रक्ताचे आकारमान घटते आणि महिनोन्महिने कमावलेला दम एका दिवसात जातो. १९९७च्या अखेरीस अमेरिकेत वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन मल्ल मरण पावले, त्यानंतर तिथले नियम बदलले.

विसाव्याचेही शास्त्र आहे. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले. जपानच्या इशीशी दमवणारी लढत झाल्यावर त्यांना सोव्हिएत मल्लाविरुद्ध लगेच उतरावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये ३० मिनिटांची विश्रांती नियमाप्रमाणे मिळायला हवी होती, पण तसे ठासून सांगायला भारतीय पथकातले कोणी तिथे हजर नव्हते, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात नोंदलेले आहे. स्नायूतला तयार ऊर्जेचा साठा चार-पाच मिनिटांत बराचसा भरून येतो. पण रक्तातले लॅक्टेट निम्म्यावर यायलाच साधारण १५ ते २५ मिनिटे लागतात. स्वस्थ पडून राहण्यापेक्षा हळूहळू चालत राहिले तर ते लवकर उतरते.

शाळेत हे मोजणे अवघड नाही. ३० बैठका झाल्याबरोबर १५ सेकंद नाडी मोजायची, बरोबर एक मिनिटाने पुन्हा मोजायची आणि दोन्हींतला फरक वहीत लिहायचा. दर सोमवारी, त्याच वेळी, सहा ते आठ आठवडे. ज्या मुलाचा फरक वाढत जातो त्याचा दम वाढतो आहे. ज्याचा अचानक घटला त्याला ताप, अपुरी झोप किंवा उपास यांपैकी काही आहे का, ते विचारावे आणि त्या दिवशी त्याला हौद्यात उतरवू नये.