शीर्षकचौकट आणि भागाचे गुणधर्म : संगणकीय आरेखनातील एक दुवा

यंत्रभागाच्या आरेखनात उजवीकडील तळकोपऱ्यातील टायटल ब्लॉक, म्हणजेच शीर्षकचौकट, ही त्या भागाची ओळख होय. भारतीय मानक ब्यूरोच्या 'एसपी ४६' पुस्तिकेने तिचा आकार १८५ × ६५ मिलिमीटर सुचविला आहे. तीतील मजकूर हाताने भरल्यास मूळ भाग बदलूनही चौकट जुनीच राहते. पोलादपूरलगतच्या महाड औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. तशा एखाद्या कारखान्याच्या अ‍ॅजिटेटर शाफ्टसाठी ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील ठरले, पण चौकटीत ३०४ राहिले, तर क्लोराइडयुक्त द्रावणात शाफ्टला खड्डे पडण्याचा धोका वाढतो.

सॉलिडवर्क्समध्ये गुणधर्म भागाच्या फाइलमध्ये एकदाच नोंदवून चौकटीत केवळ दुवा ठेवता येतो. 'पीआरपी' हा दुवा आरेखनाच्या स्वतःच्या फाइलमधील गुणधर्म वाचतो, तर 'पीआरपीशीट' हा आरेखनात दाखविलेल्या भागाच्या फाइलमधील. पहिला दुसऱ्याच्या जागी वापरल्यास रकाना बहुधा रिकामा दिसतो. तथापि 'मटेरियल' हा गुणधर्मच टंकलिखित असेल, तर चूक केवळ जागा बदलते. म्हणून तो भागास प्रत्यक्ष दिलेल्या धातूशी जोडावा. छापील प्रत मात्र आपोआप बदलत नाही. तिच्यासाठी सुधारणा क्रमांकच आधार. विद्यार्थ्यांस आज्ञेपूर्वी माहितीचा हा उगम शिकविणे अगत्याचे आहे.