डेस्कटॉप ऑपरेटिंग सिस्टिमवरील नेटवर्क प्रोग्रॅमिंगचे अध्ययन : संकल्पना, अडचणी व दिशा

बीजशब्द : सॉकेट, टीसीपी, बाइटक्रम, युनिक्स, विंडोज, संगणक प्रात्यक्षिक

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमातील नेटवर्क प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या प्रात्यक्षिकाचे स्वरूप बहुधा ठरलेले असते. विद्यार्थी दोन छोटे प्रोग्रॅम लिहितो. सेवा देणारा तो सर्व्हर आणि सेवा मागणारा तो क्लायंट. सोयीसाठी दोन्ही प्रोग्रॅम एकाच संगणकावर चालवले जातात. क्लायंटने पाठवलेला संदेश सर्व्हरच्या पडद्यावर उमटतो आणि वहीत प्रात्यक्षिक पूर्ण झाल्याची नोंद होते. हेच दोन प्रोग्रॅम निरनिराळ्या संगणकांवर चालवले की मात्र कधी अर्धाच संदेश पोहोचतो, कधी दोन संदेश एकमेकांना चिकटून येतात, तर कधी जोडणीच होत नाही. विद्यार्थी दोष तारेला किंवा संगणकाला देतो. वस्तुतः दोष प्रोग्रॅममध्ये पहिल्या दिवसापासून असतो; एकाच संगणकावरील चाचणीमुळे तो झाकला गेलेला असतो. प्रस्तुत लेखात या झाकलेल्या दोषांचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे

१) सॉकेट या संकल्पनेची पार्श्वभूमी व कार्यपद्धती समजून घेणे.
२) युनिक्स कुळातील प्रणाली व विंडोज यांतील फरक स्पष्ट करणे.
३) नवशिक्या विद्यार्थ्याच्या प्रमुख गैरसमजांची चिकित्सा करणे व अध्यापनासाठी उपाय सुचवणे.

१. सॉकेट : पार्श्वभूमी व स्वरूप

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट या अमेरिकी जाळ्याने टीसीपी/आयपी हे नियमसंच स्वीकारले. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेने ४.२ बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत नेटवर्कशी बोलण्यासाठी प्रोग्रॅमला जे साधन दिले गेले, त्यास ‘सॉकेट’ असे नाव मिळाले. युनिक्समध्ये फाइल उघडणे, वाचणे, लिहिणे व बंद करणे या क्रिया प्रोग्रॅमरच्या परिचयाच्या होत्या. दूरच्या संगणकाशी होणारा संवादही शक्य तितका फाइलसारखाच भासावा, ही या रचनेमागील मूळ कल्पना होय.

सॉकेटचा व्यवहार दूरध्वनीच्या व्यवहारासारखा चालतो. सर्व्हर प्रथम सॉकेट निर्माण करतो, ‘बाइंड’ या आज्ञेने त्यास आयपी पत्ता व पोर्ट क्रमांक जोडतो, ‘लिसन’ने मागणी स्वीकारण्यास सिद्ध होतो आणि ‘अ‍ॅक्सेप्ट’ने प्रत्यक्ष मागणीची वाट पाहतो. क्लायंट ‘कनेक्ट’ने जोडणी मागतो. जोडणी झाली की दोन्ही बाजू ‘सेंड’ व ‘रिसीव्ह’ या आज्ञांनी देवाणघेवाण करतात. पोर्ट क्रमांक ० ते ६५५३५ या मर्यादेत असतो. एकाच संगणकावरील अनेक सेवांमधून नेमकी हवी ती सेवा त्यामुळे ओळखता येते.

२. दोन परंपरा : युनिक्स आणि विंडोज

बर्कलेची ही रचना लिनक्स व मॅकओएस या प्रणालींनी जवळपास जशीच्या तशी घेतली. विंडोजसाठी ‘विनसॉक’ हे स्वतंत्र प्रमाण तयार झाले, त्याची १.१ ही आवृत्ती जानेवारी १९९३ मधील आहे. विनसॉकमधील आज्ञांची नावे बहुतांशी बर्कलेचीच आहेत. त्यामुळे एका प्रणालीवर शिकलेले दुसरीवर तसेच चालेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु चार ठिकाणी फरक पडतो.

पहिला फरक असा की, विंडोजमध्ये सॉकेट वापरण्यापूर्वी विनसॉक कार्यान्वित करणारी प्रारंभिक आज्ञा द्यावीच लागते. ती विसरल्यास पुढील प्रत्येक आज्ञा अपयशी ठरते. दुसरा, विंडोजमध्ये सॉकेट ही फाइल मानली जात नाही. ते बंद करण्याची आज्ञा वेगळी आहे व चुकीचा क्रमांक मिळवण्याची रीतही वेगळी आहे. तिसरा, युनिक्समध्ये प्रत्येक ग्राहकासाठी ‘फोर्क’ या आज्ञेने सर्व्हरची प्रतिकृती निर्माण करता येते. विंडोजच्या मूळ आज्ञासंचात ‘फोर्क’ नाही, म्हणून तेथे थ्रेडचा आधार घ्यावा लागतो. चौथा फरक सर्वांत फसवा आहे. सर्व्हर बंद करून लगेच सुरू केला असता ‘पत्ता आधीच वापरात आहे’ अशी चूक युनिक्समध्ये येते. जुन्या जोडणीचे उशिरा पोहोचणारे तुकडे नव्या जोडणीत मिसळू नयेत, यासाठी टीसीपी काही काळ तो पत्ता राखून ठेवते. लिनक्समध्ये हा काळ ६० सेकंदांचा आहे. यावर पत्त्याच्या पुनर्वापराचा पर्याय दिला जातो. त्याच नावाचा पर्याय विंडोजमध्ये मात्र चालू असलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोर्टवर हक्क सांगू देतो. नाव एक असले तरी अर्थ दोन आहेत, हे विद्यार्थ्यास सांगितले गेले नाही तर सुरक्षिततेचा दोष नकळत निर्माण होतो.

३. एकाच संगणकावर झाकले जाणारे दोष

३.१ संदेशाच्या सीमा : ‘एकदा पाठवले की एकदा मिळते’ हा नवशिक्याचा सर्वांत खोल रुजलेला गैरसमज होय. टीसीपी संदेश वाहत नाही; ती बाइटचा अखंड प्रवाह वाहते. नळीच्या एका टोकाला दोन तांबे पाणी ओतले, तर दुसऱ्या टोकाला पहिला तांब्या कोठे संपला हे ओळखता येत नाही. क्लायंटने प्रथम ‘५००’ व नंतर ‘७००’ ही रक्कम पाठवली, तर सर्व्हरला एकाच वाचनात ‘५००७००’ मिळू शकते. रक्कम चुकीची नोंदली जाते आणि चुकीची कोणतीही सूचना मिळत नाही. याउलट ४००० बाइटचा एक संदेश तुकड्यांत येऊ शकतो. सामान्य इथरनेटवर एका पाकिटाची मर्यादा १५०० बाइट असते व त्यात टीसीपीची प्रत्यक्ष माहिती कमाल १४६० बाइट मावते. लिनक्समधील अंतर्गत जोडणीवर हीच मर्यादा ६५५३६ बाइटची आहे. म्हणून प्रयोगशाळेतील संदेश अखंड पोहोचतो आणि गैरसमज दृढ होतो.

यावर दोन उपाय रूढ आहेत. संदेशापूर्वी त्याची लांबी पाठवावी किंवा संदेशाच्या शेवटी ठरावीक खूण ठेवावी. वेबसाठी वापरल्या जाणाऱ्या एचटीटीपी १.१ मध्ये हे दोन्ही आढळतात : शीर्षभाग रिकाम्या ओळीने संपतो व मजकुराची लांबी बाइटमध्ये सांगता येते. मराठी मजकुराच्या बाबतीत येथे विशेष दक्षता हवी. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘नमस्कार’ या शब्दात हलन्त व काना धरून ७ चिन्हे आहेत. म्हणजे तो २१ बाइटचा होतो. लांबी चिन्हांत मोजून पाठवली तर समोरचा प्रोग्रॅम ७ बाइट वाचून थांबेल : दोन अक्षरे पूर्ण व तिसऱ्याचा केवळ तुकडा त्याच्या हाती येईल.

३.२ बाइटक्रम : इंटेल पद्धतीचे प्रोसेसर संख्येचा लहान भाग आधी साठवतात, तर नेटवर्कवर मोठा भाग आधी पाठवण्याचा संकेत आहे. पोर्ट क्रमांक देताना रूपांतराची आज्ञा विसरली तर ५००० ऐवजी ३४८३५ हे पोर्ट उघडले जाते. गंमत अशी की, विद्यार्थी सर्व्हर व क्लायंट या दोहोंत तीच चूक करतो. दोन्ही प्रोग्रॅम ३४८३५ वर भेटतात आणि प्रात्यक्षिक यशस्वी ठरते. दोन चुका एकमेकींना झाकतात. दुसऱ्याने लिहिलेला क्लायंट ५००० वर आला की मात्र त्यास कोणीच भेटत नाही.

३.३ प्रतीक्षा आणि मौन : ‘रिसीव्ह’ ही आज्ञा माहिती येईपर्यंत प्रोग्रॅमला थांबवून ठेवते. एक ग्राहक गप्प बसला की साधा सर्व्हर इतरांकडेही पाहत नाही. यासाठी थ्रेड किंवा अनेक सॉकेटवर एकाच वेळी लक्ष ठेवणारी ‘सिलेक्ट’ ही आज्ञा वापरली जाते. ग्राहकांची संख्या मोठी असल्यास लिनक्समध्ये ‘ईपोल’, बीएसडी व मॅकओएसमध्ये ‘केक्यू’ आणि विंडोजमध्ये ‘कम्प्लीशन पोर्ट’ ही प्रणालीविशिष्ट साधने उपलब्ध आहेत. तसेच ‘रिसीव्ह’कडून शून्य मिळणे म्हणजे समोरच्याने पाठवणे रीतसर संपवले, असा अर्थ होतो. मात्र समोरचा संगणक अचानक बंद पडला किंवा तार निघाली, तर शून्यही येत नाही. केवळ मौन राहते. म्हणून प्रतीक्षेला कालमर्यादा घालणे आवश्यक ठरते. एकाच संगणकावर तार निघतच नाही, त्यामुळे हा धडा तेथे मिळत नाही.

४. अध्यापनाची दिशा

वरील विवेचनावरून प्रात्यक्षिकाची पुनर्रचना सहज सुचते व त्यासाठी नव्या यंत्रसामग्रीची गरज भासत नाही. सर्व्हर एका विद्यार्थ्याने व क्लायंट दुसऱ्याने, केवळ लेखी करारावरून लिहावा. त्यामुळे बाइटक्रमाची चूक तत्काळ उघड होईल. संगणक दोन असावेत व शक्य तेथे एकावर विंडोज आणि दुसऱ्यावर लिनक्स असावे. विंडोज एक्सपीच्या २००४ मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून विंडोजची फायरवॉल मुळातच चालू असते. त्यामुळे जोडणी नाकारली जाण्याचे कारण शोधणे हाही अभ्यासाचा भाग होतो. दुसरा संगणक नसल्यास लिनक्समधील ‘नेटएम’ या सुविधेने अंतर्गत जोडणीवरही कृत्रिम विलंब व गळती निर्माण करता येते. ‘नेटस्टॅट’ने उघडी पोर्ट पाहता येतात, तर ‘वायरशार्क’ने प्रत्यक्ष पाकिटे. ज्या विद्यार्थ्याने आपला संदेश तीन पाकिटांत विभागलेला डोळ्यांनी पाहिला, त्यास प्रवाहाची संकल्पना निराळी समजावून द्यावी लागत नाही.

मूल्यमापनातही बदल हवा. ‘प्रोग्रॅम चालला का’ या प्रश्नाबरोबर ‘संदेश तुटला, दोन संदेश जोडले गेले, समोरचा गप्प झाला, तर प्रोग्रॅम काय करतो’ हे तीन प्रश्न विचारले जावेत.

निष्कर्ष

१) सॉकेटच्या मूळ आज्ञा थोड्या असून १९८३ पासून त्यांचे स्वरूप बव्हंशी टिकून आहे, अडचण आज्ञांची नसून त्यांमागील गृहीतकांची आहे.
२) युनिक्स व विंडोज यांतील नामसाम्य अर्थसाम्य मानता येत नाही.
३) संदेशसीमा, बाइटक्रम व मौन यांसंबंधीचे दोष एकाच संगणकावरील प्रात्यक्षिकात झाकले जातात, म्हणून तेथील यश हा आकलनाचा पुरावा ठरत नाही.

एका संगणकावर चालणारा प्रोग्रॅम ही अध्ययनाची सुरुवात आहे. समोरचा संगणक, मधली तार आणि दुसऱ्या टोकाचा प्रोग्रॅमर यांपैकी काहीही आपल्या हाती नाही, हे गृहीत धरून प्रोग्रॅम लिहिता येणे हेच नेटवर्क प्रोग्रॅमिंगचे खरे शिक्षण होय.