सात क्रमांकाच्या जर्सीतील सूत्रधार

रग्बी लीगमध्ये संघ तेरा जणांचा. चेंडू हाती आला की सहाव्या पकडीपर्यंतच तो स्वतःकडे राखता येतो. या मोजक्या संधींचे नियोजन करणारा खेळाडू म्हणजे हाफबॅक. किक मारायची, पास द्यायचा की स्वतः घुसायचे, याचा निर्णय सात क्रमांकाची जर्सी घालणाऱ्या या खेळाडूला क्षणार्धात घ्यावा लागतो. अंगाने तो सहसा लहानखुरा. समोरून अंगावर येणारे मात्र शंभर-शंभर किलोंचे! ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू जॉन्सने हे काम ज्या उंचीवर नेले, तेथवर फार थोडे पोहोचले.

सेसनॉक या कोळसा खाणींच्या गावात वाढलेला जॉन्स १९९३ मध्ये न्यूकॅसल नाईट्सकडून प्रथम खेळला. हे पोलादनगर १९९७ मध्ये हवालदिल झाले होते. बीएचपी कंपनीने तेथील पोलाद कारखाना बंद करण्याची घोषणा त्याच वर्षी केली होती. अशा वातावरणात नाईट्सने प्रथमच अंतिम फेरी गाठली. प्रतिस्पर्धी होता आदल्या वर्षीचा विजेता मॅनली.

२८ सप्टेंबर १९९७. सिडनीत गुणफलक १६-१६ आणि सामना संपायला अवघे काही क्षण. एका गुणासाठी नाईट्स ड्रॉप गोलचा प्रयत्न करणार, असाच सर्वांचा होरा होता. फुफ्फुसाला इजा झालेली असतानाही मैदानात उतरलेल्या जॉन्सने मात्र चेंडू उचलला तो मैदानाच्या अरुंद बाजूकडे. त्या बाजूला जागा थोडी, म्हणून बचावालाही माणसे थोडी. बचावपटू त्याच्याकडे खेचले गेले आणि त्याने आतल्या बाजूने धावत आलेल्या डॅरन अल्बर्टला पास दिला. अल्बर्टला कोणी स्पर्शही करू शकले नाही. नाईट्स २२-१६ ने विजयी!

२००१ च्या अंतिम सामन्यात पॅरामाटाविरुद्ध मध्यंतरालाच २४-० अशी आघाडी होती. नाईट्सने तो ३०-२४ असा जिंकला आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला कर्णधार जॉन्स. मोसमातील सर्वोत्तम खेळाडूचे डॅली एम पदक त्याने १९९८, १९९९ आणि २००२ असे तीनदा मिळवले.

पण या खेळाने त्याच्या शरीराची किंमतही पुरेपूर वसूल केली. मान, पाठ, गुडघा, जबडा. काहीच सुटले नाही. दीर्घ विश्रांतीनंतर २००५ मध्ये क्वीन्सलँडविरुद्धच्या स्टेट ऑफ ओरिजिन मालिकेत तो दुसऱ्या सामन्यात परतला आणि न्यू साउथ वेल्सने ३२-२२ असा विजय मिळवला. हे पुनरागमन त्याच्या कारकिर्दीतील कदाचित सर्वांत थक्क करणारे प्रकरण ठरावे. अखेर मानेच्या दुखापतीमुळे एप्रिल २००७ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, त्याला निवृत्ती पत्करावी लागली.

त्याच वर्षी लंडनमध्ये अमली पदार्थ बाळगल्याप्रकरणी त्याला ताब्यात घेण्यात आले. अनेक वर्षांचे व्यसन आणि मनोविकार यांची त्याने नंतर जाहीर कबुली दिली. २०१२ मध्ये खेळातील ‘इमॉर्टल्स’च्या मानाच्या यादीत तो आठवा ठरला. नाईट्ससाठी २४९ सामन्यांत त्याने २,१७६ गुण नोंदवले होते; हा विक्रम २००९ मध्ये हझेम एल मासरीने मागे टाकला.